म्हातारी खिंड ओलांडते

फुस्स.

एवढासा आवाज, पण दुपारच्या शांततेत तो घरभर ऐकू आला. बेकरीवाल्यांची दुपार म्हणजे इतरांची मध्यरात्र. भट्टी निवत आली होती. नवरा पिठाच्या पोत्याला टेकून बसल्या बसल्या झोपला होता. पाच वर्षांची मुंगी दोन खुर्च्यांवर चादर टाकून केलेल्या आपल्या घरात पालथी पडली होती. बेकरीत सांडलेला प्रत्येक कण उचलून ती कुठे ना कुठे नेऊन ठेवायची, म्हणून मुंगी. खरं नाव फक्त रागावताना बाहेर निघायचं. जागी होती ती एकटी थोरली. फळीवरच्या बरणीचं झाकण आतून उचललं गेलं, फुस्स झालं आणि पुन्हा जागेवर बसलं, तसं तिला हसू आलं.

“उठलात?” ती बरणीला म्हणाली.

बरणीत म्हातारी होती. म्हातारी म्हणजे खमीर. पिठात पाणी कालवून आंबवलेलं, रोज मूठभर पीठ खाणारं आणि खाल्लं की दुप्पट फुगणारं. बेकरीचे सगळे पाव तिच्याच जिवावर फुगायचे. कुणाच्या हातून कुणाच्या हातात जात ती इथवर पोचली होती आणि तिचं वय कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून म्हातारी. घरात तिला अहो-जाहो होतं. नवरा म्हणायचा, “या घरात मला सोडून सगळ्यांना मान आहे.”

आज मात्र थोरलीचं हसू ओठांवरच राहिलं. इथली म्हातारी ठणठणीत होती, पण डोंगरापलीकडची मेली होती.

डोंगरापलीकडे, खिंड ओलांडल्यावर लागणाऱ्या खोऱ्यात, तिची धाकटी बहीण होती. पानगळीच्या दिवसांत ती तिकडे गेली. तिथली भट्टी बरीच वर्षं थंड पडलेली. खोऱ्यातल्या लोकांनी ती तिला दिली, एकाच बोलीवर: हिवाळाभर पाव मिळाला पाहिजे. घरचे सगळे म्हणाले, दुरून डोंगर साजरे, थंडी पडली की येईल परत. एकट्या थोरलीने बरणीतली अर्धी म्हातारी काढून तिच्या हातात दिली आणि म्हटलं, “जा. माझ्या हाताखाली किती दिवस पराती घासणार?” थोरलीच्याच टेबलाशी खोक्यावर उभी राहून पीठ मळायला शिकलेली ती पोर. तिला स्वतःची भट्टी हवी होती. बाकी काही नाही.

मग थंडी आली. खमीर गोठेल या भीतीने धाकटीने बरणी भट्टीच्या कट्ट्यावर ठेवली, जरा वेळ म्हणून, आणि तिथेच तिला डुलकी लागली. म्हातारी शिजली. उरली ती खळ, भिंतीला कागद चिकटवण्यालायक. पुड्यांतलं यीस्ट होतं तेही लवकरच संपलं, आणि रस्ते बर्फाने अडल्यामुळे इकडच्या दुकानांतही नव्या पुड्या येत नव्हत्या. तेव्हापासून धाकटी खोऱ्यातल्या लोकांना जे भाजून घालत होती, त्याने भिंत बांधता आली असती. लोक भले. पाण्यात बुडवून खात होते आणि छान आहे म्हणत होते. धाकटीला हेच जास्त लागत होतं.

ही सगळी हकिगत यायची ती टपालबाईंकडून. हिवाळ्यात खिंडीपलीकडे नेमाने जाणारं माणूस एकच, टपालबाई, आणि त्यांची टपालाची घसरगाडी. थोरलीने एकदा घोंगडीत गुंडाळून थोडी म्हातारी त्या गाडीवरून पाठवली होती. ती पोचली दगड होऊन. वितळली, पण उठली नाही.

आता दारावर बूट आपटल्याचा आवाज आला. टपालबाई बर्फ झटकत आत आल्या आणि कुणी न सांगता भट्टीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“निरोप आहे तुझ्या बहिणीचा,” त्या म्हणाल्या. “म्हणते, या फेरीला काकूंबरोबर मी खाली येते. ट्रंक बांधून दाराशी ठेवलीय. मी म्हटलं, बाई, ट्रंक मी ओढणार नाही. तर म्हणते, मी ओढीन.”

थोरली पोळपाटासारखी सपाट होऊन बसली. “काकू,” मग ती म्हणाली, “या वेळी म्हातारीला अंगाशी धरून न्याल का? कपड्यांच्या आत?”

“माझ्या अंगात आता ऊब कुठली गं? मी टपाल नेते. उबवायला कोंबडी शोध.”

“कोंबडी आहे की घरात,” पोत्याजवळून नवऱ्याचा आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं, मग बरणीकडे. मुंगी जन्मल्यापासून ती बेकरीपासून पार नदीच्या पुलापर्यंतसुद्धा एकटी गेली नव्हती.

“भट्टी मी बघतो,” नवरा डोळे उघडून म्हणाला. “पण भट्टी आणि ही, दोन्ही मला जमणार नाही.” ही म्हणजे खुर्च्यांखालचं घर. चादर केव्हाची बाजूला झाली होती आणि तिथून दोन डोळे बघत होते.

“मी चालते,” मुंगी म्हणाली.

“खोऱ्यातली पोरं येतात की तिच्याएवढी,” टपालबाई म्हणाल्या. “दमली तर बसेल टपालावर. तिकीट लावायला लागेल मात्र.”

म्हातारीला न्यायचं कशात, हा पुढचा प्रश्न. बरणी फुटेल, डबा पोटाला टोचेल. शेवटी मुंगीनेच आपली शेकायची रबरी पिशवी आणून दिली, नवीकोरी, पोट दुखलं तर म्हणून आणलेली. पोट कधी दुखलंच नव्हतं. नरसाळं लावून म्हातारीला पिशवीत उतरवलं, बूच घट्ट लावलं आणि थोरलीने लोकरी सदऱ्याच्या आत, पोटाला, ती एका पट्ट्याने बांधली. थोडी म्हातारी घरच्या बरणीत राहिली, नवऱ्यापाशी.

“वाटेत तिला खायला घालू नकोस,” नवरा निघताना म्हणाला. “भुकेली असली की गप्प राहते. पोचल्यावर घाल.”

“मला शिकवतोस?”

“उंटावरून शेळ्या हाकतोय. हाकू दे.”

पहिला दिवस असा गेला, की थोरलीला मागाहून तो आठवायचा तेव्हा उजेडच आठवायचा. जंगलातल्या फांद्यांवर बर्फाचे गादीसारखे थर, त्यातून गळणारं ऊन, आणि पायाखाली बर्फाचा कुरकुर आवाज, ताज्या पावाच्या कडेत सुरी घातल्यावर येतो तसा. ओढा गोठला होता, पण त्याच्या पोटात पाणी बोलत होतं. मुंगीने पालथं पडून त्याला कान लावला आणि उठायलाच तयार होईना.

“काय म्हणतोय?” टपालबाईंनी विचारलं.

“झोप येत नाही म्हणतोय.”

“तुझ्या बापासारखा नाही मग.”

मुंगी थोडं चालायची, थोडं टपालाच्या पोत्यांवर बसायची, आणि बसली की वरून हुकूम सोडायची. टपालबाई मान खाली घालून गाडी ओढत आणि थोरली मागून ढकलत. टपालबाईंचं तोंड पायांपेक्षा जास्त चालत होतं. कुणाच्या सुनेला जुळं झालं, कुणी कुणाला पत्रं टाकून तीच परत मागवली, खोऱ्यातला सुतार धाकटीचा पाव खाऊन दात कसा मोडून बसला आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत कसा उभा राहिला.

“का पण?” थोरलीने विचारलं.

“मी पण हेच विचारलं. तर म्हणतो, पोरगी रोज पहाटे भट्टी पेटवते, धूर दिसतो. धूर दिसला की बरं वाटतं.”

थोरलीने पोटावरच्या पिशवीवर हात ठेवला. पिशवी उबदार होती आणि चालताना हळूच डचमळत होती. तिला सात-आठ महिन्यांची मुंगी पोटात असतानाचे दिवस आठवले. तेव्हाही ती अशीच, पोटावर हात ठेवून, कुणाला कळणार नाही असं आत बोलायची.

मुक्काम वाटेवरच्या लाकडी खोलीत झाला. सकाळी निघायच्या आधी तिने पिशवीचं बूच उघडून वास घेतला. आंबट, पातळ, थकलेला वास. म्हातारी भुकेली होती. नवऱ्याचं म्हणणं बरोबर होतं, भुकेली बरी. हे कुठल्याही बेकरीवाल्याला कळतं आणि तिला तर नवऱ्याआधीपासून कळत होतं. पण समोर मुंगी दूध-पाव खात बसलेली, टपालबाई वाटी चाटून पुसून संपवत असलेल्या, आणि पुढे खिंडीचा उभा चढ. अशा चढावर कुणाला उपाशी न्यायचं हे तिच्या जिवावर आलं. तिने कोमट पाण्यात मूठभर पीठ कालवून आत ओतलं. मग सवयीने आणखी मूठभर. मग बूच लावलं, आणि वाटेत सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी आवळून घट्ट केलं.

चढ लागला. थोरलीचं अंग तापलं, घाम फुटला. सदऱ्याच्या आत बेकरीतल्या उन्हाळ्यासारखी ऊब झाली.

निम्म्या चढावर टपालबाई थांबल्या आणि तिला खालून वर न्याहाळू लागल्या. “पोरी, एक विचारू? राग मानू नकोस.”

“विचारा.”

“काल निघालीस तेव्हा तू एवढी नव्हतीस.”

थोरलीने खाली पाहिलं. कोटाची मधली बटणं ताणली गेली होती. तिला आपल्या बुटांची टोकं दिसेनात.

“आई, बाळ होणार?” मुंगी गाडीवरून खाली उतरली.

“म्हातारी होणार,” टपालबाई म्हणाल्या.

“तू तिला खायला घातलंस,” मुंगी म्हणाली. “बाबा नको म्हणाले होते.”

“थोडंसंच.”

“दोन मुठी. मी बघितलं.”

बूच जरा सैल करून वारा सोडायला हवा, हे थोरलीला कळत होतं. पण त्या जागी वारं असं होतं की कोट उघडला तर माणसासकट उडून जावा. खिंडीच्या माथ्यावर एका खडकाचा आडोसा होता. तिथवर जाऊ, मग बघू, असं ठरलं. ती पोटाला दोन्ही हात लावून, दिवस भरलेल्या बाईसारखी, पाय फाकवत चालू लागली. मागे मुंगी तिचीच नक्कल करत चालली. तिला बघून टपालबाईंना हसू आवरेना, आणि त्यांना बघून थोरलीलाही. हसलं की पोट हलायचं. पोट हललं की म्हातारी आणखी चवताळायची.

“काकू, हसवू नका.”

“मी कुठे काय बोलले? मी टपाल ओढतेय.”

माथा आला. खडक आला. थोरलीने हातमोजा काढला, कोटाच्या आत हात घातला, बुचाला बोटं लावली आणि जेमतेम अर्धा फेरा दिला.

फट्.

बूच कोटाच्या गळ्यातून बाहेर उडालं, खडकावर आपटलं आणि पलीकडच्या उतारावर दिसेनासं झालं. पाठोपाठ म्हातारी निघाली. गरम, जाड, चिकट, छातीपासून गुडघ्यापर्यंत. थोरली जागच्या जागी खांब झाली. पट्टा सुटला, रिकामी होत आलेली पिशवी कोटाखालून घसरून बर्फात पडली, आणि तिच्या तोंडातून जे ओघळलं ते बघता बघता खडीसारखं कडक झालं.

टपालबाई गुडघ्यांवर बसून बर्फ उकरू लागल्या. थोरलीही वाकली. दोघी हातांनी पांढऱ्यातून पांढरं वेचत होत्या आणि हाताला येत होते ते बर्फाचे खडे. थोरलीला हसूही थांबवता येईना आणि रडूही. तिच्या डोळ्यांसमोर दोरीने बांधलेली ट्रंक आली. धाकटी ती ओढत खाली येतेय आणि घरचे सगळे म्हणतायत, आम्ही म्हणालो नव्हतो?

“आई,” मुंगी म्हणाली. ती वेचत नव्हती. उभी राहून बघत होती. “ती बाहेर कुठे आहे? ती तर तुझ्या पोटावरच आहे.”

दोघींनी माना वर केल्या.

“काखेत कळसा,” टपालबाई म्हणाल्या आणि त्यांनी थोरलीचा कोट दोन्ही हातांनी पकडून बंद केला. वरून आपली शाल गुंडाळली, शालीवरून टपालाच्या पोत्याची दोरी बांधली. “आता थांबायचं नाही. थांबलीस की गार पडशील, तू गार पडलीस की ती. चल.”

उतार त्यांनी असा उतरला जसा पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन कुणी पळतं. मुंगी पोत्यांवर, टपालबाई गाडीच्या मागे दोरी ताणून धरत, आणि थोरली पुढे, हात छातीशी गच्च, आतल्या आत पुटपुटत, “धीर धरा, आलंच. आलंच बघा.” खोरं खाली पसरलं होतं, परातीत चाळलेल्या पिठासारखं गुळगुळीत, आणि मधोमध काही घरं. एका धुराड्यातून धूर सरळ वर जात होता.

“ती बघ तुझी बहीण,” टपालबाई धुराकडे बोट करून म्हणाल्या.

भट्टीची खोली लहान होती. एक टेबल, एक परात, फळीवर ओळीने मांडलेल्या त्या विटा, आणि दाराच्या आत, वाटेतच, ट्रंक. दोरीला दोन गाठी. धाकटी दारात आली. तिचा चेहरा उतरलेला होता, आणि बहिणीला बघून तो असा काही झाला की तिचं तिलाच कळेना हसावं की काय करावं. तिने थोरलीकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग पुन्हा थोरलीकडे.

“ताई, तू? आणि म्हातारी? काकू आत्ता बाहेरून ओरडल्या, पिशवीत घालून म्हातारी आणलीय. पिशवी कुठेय?”

“मीच पिशवी,” थोरली म्हणाली. “दार लाव आणि पातं आण.”

टपालबाई बाहेर लोकांना पत्रं वाटत राहिल्या. आत, भट्टीसमोर, थोरली एक-एक थर उतरवून उभी राहिली आणि धाकटी पीठ खरवडायच्या पात्याने तिच्या पोटावरची म्हातारी वाडग्यात गोळा करू लागली. वरचं वाळून साल झालं होतं. पण सालीखाली, बेंबीच्या आसपास, अजून मऊ होतं.

“हलू नकोस.”

“गुदगुल्या होतायत.”

“लहानपणी मला धरून आंघोळ घालायचीस तेव्हा? मी पण हेच म्हणायचे. तू ऐकायचीस?”

“सूड घेतेस होय?”

“किती वर्षं वाट बघत होते,” धाकटी म्हणाली आणि मुद्दामच कुशीत एकदा जास्त फिरवलं. थोरली किंचाळली. मुंगी ट्रंकेवर उभी राहून टाळ्या पिटत होती, आणि मध्येच सदऱ्याच्या लोकरीतून बोटाने एकेक चिकट कण काढून, मुंगीच ती, वाडग्यात आणून टाकत होती.

जमला तो लिंबाएवढा गोळा. त्यात लोकरीचे धागे, एक कोटाचं बटण आणि थोडा घाम. धाकटीने वास घेतला. कोमट पाणी, चिमूटभर पीठ, वर ताटली झाकली. मग वाडगा घेऊन ती भट्टीच्या कट्ट्याकडे वळली, थबकली, आणि मागे फिरून तो तिने बहिणीच्या हातात दिला.

“मला नको,” ती म्हणाली. “माझा माझ्यावर भरवसा नाही.”

“मग आळीपाळीने धरू,” थोरली म्हणाली.

त्यांनी तो आळीपाळीने धरला. मांडीवर, कुशीत, शालीखाली. मुंगीने धरला तेव्हा ती श्वाससुद्धा जपून घेत होती. थोरलीचा पिठाने कडक झालेला सदरा वाळत घालायला दोरी नव्हती, म्हणून ट्रंकेच्या गाठी सोडून ती दोरी भट्टीसमोर बांधली. सदरा दोरीवर हात पसरून माणसासारखा उभा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी टपालबाई परतीच्या तयारीने आल्या आणि दारातच थांबल्या, कारण तिघी वाडग्याभोवती डोकी जोडून बसल्या होत्या. खोलीत कुणी हलत नव्हतं. ताटली जरा उचलली गेली. थांबली. पुन्हा उचलली गेली.

फुस्स.

धाकटीने चेहरा ओंजळीत झाकला. तिचे खांदे हलत होते, आणि ती रडतेय असं वाटून मुंगी तिला थोपटायला गेली, तर ती हसत होती. निदान जास्त करून हसत होती.

“काकू,” ती ओंजळीतूनच म्हणाली, “मला गाडीवर जागा नको.”

“बरं झालं,” टपालबाई म्हणाल्या. “त्या ट्रंकेच्या धास्तीने मी आजारी पडणार होते.” आणि गाडी बाहेरच सोडून त्या भट्टीला पाठ लावून उभ्या राहिल्या. टपाल एक दिवस थांबलं तर कुणाचं काही बिघडत नाही, असं त्या म्हणाल्या. आजवर त्या असं कधी म्हणाल्या नव्हत्या.

पुढच्या दिवशी पहिला पाव निघाला तेव्हा तो एका बाजूला कलंडलेला होता, पण फुगलेला होता. धाकटीने तो ठोकून पाहिला, कानाशी धरला आणि पोकळ आवाज ऐकून डोळे मिटले. सुतार उरलेल्या दातांनिशी दारात हजर होता. त्याच्यामागे आणखी माणसं. पाव हातोहात गेला. पाण्याचा पेला कुणी मागितला नाही.

संध्याकाळी तिघी खिडकीशी बसल्या. बाहेर बर्फ निळा होत चालला होता. मुंगीने आपल्या वाट्याची पावाची कड संपवून वाडगा मांडीवर घेतला होता आणि ती ताटलीला कान लावून होती, ओढ्याला लावला होता तसा.

“आई, ही आता इथेच राहणार?”

“हो. मावशीपाशी.”

“आणि घरी बाबांजवळ आहे ती?”

“ती पण हीच. एकच म्हातारी, अर्धी इथे, अर्धी तिथे.”

“हिला माहितेय?”

“माहीत असेल.”

धाकटीने बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मुंगीने ताटलीवरचा कान काढला आणि आधी आईकडे, मग मावशीकडे पाहिलं.

“मग हिला घरची आठवण आली, तर ती कुठल्या घरची येईल?”